सहा नंबरचा प्रचार, सस्काटूनहून

विमान सस्काटूनवर खाली यायला लागलं तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. टेकडी नाही, ओढा नाही. पोळपाटासारखी सपाट जमीन आणि तिच्या कडेकडेने मळकं, शिळं बर्फ. विमानतळावर मुलाला, संतोषला, पहिला प्रश्न तोच केला. "अरे, इथली माणसं कुठं लपलीत?"

"घरात असतात, आई. बाहेर गार आहे."

"मे महिना तोंडावर आला की."

"इथं तो अजून आलेला नाही," तो म्हणाला.

पहिले काही दिवस त्याने मला हिंडवलं. नदी पाहिली. बंधाऱ्याखाली पिशवीसारख्या चोचीचे मोठे पांढरे पक्षी मासे धरत होते. रस्ता ओलांडणाऱ्या बदकांसाठी भरलेली बस थांबलेली पाहिली. आमच्या गावात माणसासाठी बस थांबत नाही. मग संतोष आणि सून प्रणाली आपापल्या ऑफिसला जायला लागले आणि मी घरात एकटी.

एका सकाळी कचरा टाकायला बाहेर पडले आणि मागे दार आपोआप लागलं. किल्ली आत, मी बाहेर. पायात चपला, अंगावर नऊवारी, आणि वारा असा की कासोटा बर्फाचा व्हावा. शेजारचं दार बडवलं. एका बुटक्या, गोल म्हातारीने दार उघडलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि एक शब्द न विचारता मला आत ओढलं. आधी लोकरीचे मोजे चढवले, मग पुढ्यात ताट ठेवलं. सिनांगाग (लसूण घालून परतलेला शिळा भात) आणि त्यावर अंडं. आमच्या फोडणीच्या भाताचा सख्खा भाऊच. अंडं मी खाते, त्यामुळे अडचण आली नाही.

ती फिलिपिन्सची. घरातले सगळे तिला नानाय (आई) म्हणत, मीही म्हणू लागले. ती मला आते (थोरली बहीण) म्हणायची. वयाने ती माझ्याहून लहान असेल यावर माझा विश्वास नाही, पण तिचं अन्न खाल्ल्यावर वाद घालता येईना. मला मराठीशिवाय काही येत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. तिचं इंग्रजी तोडकंमोडकं. तिचा मुलगा जोएल याने फोनवर सोय करून दिली. ती बोलली की फोन मराठीत सांगायचा, सरकारी पाटी वाचल्यासारखा. "आपण भोजन ग्रहण करावे." आम्ही दोघी हसून लोळायचो.

त्या घराच्या भिंतीवर एका बाईचा मोठा फोटो होता आणि खाली सहाचा आकडा. ती नानायची मुलगी मारिसेल. समुद्राकाठच्या त्यांच्या शहरात महापौर आणि नगरसेवकांची निवडणूक लागली होती आणि मारिसेल नगरसेवकाच्या जागेला उभी होती. प्रत्येक मतदाराने एकाच मतपत्रिकेवर महापौर, उपमहापौर आणि दहा नगरसेवक निवडायचे. महापौरपदाच्या उमेदवाराचं गाणं जोएलने मला ऐकवलं. त्यावर तो उमेदवार स्वतः नाचतो. आमचे पुढारी नाचत नाहीत, नाचवतात.

मी स्वतः पाच वर्षं ग्रामपंचायतीत होते, महिला राखीव जागेवर. म्हणून विचारलं, "निशाणी काय? कपबशी? शिट्टी?"

"निशाणी नाही. नंबर. सहा."

नानायचा नवरा हयात असताना नगरसेवकच होता. त्या काळात तिने शहरातल्या कितीतरी पोरांची निनांग (बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेली आई) व्हायचं कबूल केलं होतं. ती पोरं आता मतदार झाली होती. रोज संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, नानाय एकेकाला व्हिडिओ कॉल लावून मत मागायची.

जोएल म्हणाला, "ताई जिंकली की नानायला जूनमध्ये परत पाठवायचं. तिथलं घर तिनेच सांभाळायचं, पूर्वीसारखं."

मी तिला एकटीला गाठून विचारलं, "खूश आहेस ना?"

तिने दार लागल्याची खात्री केली आणि फोनजवळ तोंड नेलं. फोन म्हणाला, "तेथे पहाटेपासून दाराची घंटा वाजते. एकास औषध हवे असते. एकास शवपेटी हवी असते. सर्वांस न्याहारी हवी असते. चाळीस वर्षे मी स्वतःच्या इच्छेने झोपेतून उठले नाही."

"मग मुलीला तसं सांग."

"आईने असे सांगायचे नसते," फोन म्हणाला.

दुसऱ्या संध्याकाळी तिने मला कॉलच्या वेळी शेजारी बसवलं. नऊवारी आणि रुपयाएवढं कुंकू पाहून तिकडे एकेका घरातली माणसं फोनभोवती गोळा व्हायची. आवाज तुटायचा, म्हणून सगळे हातांनीच नंबर दाखवत. मीही दाखवू लागले. सहा दाखवायला ती माणसं दोन हात अडकवतात. कशाला? आपण पेरांवर मोजतो. करंगळीची तीन पेरं झाली, मग तिच्या शेजारच्या बोटाची तीन. अंगठा त्या बोटाच्या टोकावर आला की झाले सहा. दुसरा हात खायला मोकळा. त्या हातात नानाय तुरोन (केळं गुंडाळून तळलेली गोड सुरळी) द्यायची.

मी हात वर केला की तिकडची माणसं माना डोलवायची, हसायची. नानाय मला रोज फोनच्या आणखी जवळ सरकवायची. मला वाटलं, प्रचार जोरात चाललाय.

एकदा प्रणाली मला न्यायला आली आणि दारातच थबकली.

"अहो आई, तुम्ही तीन दाखवताय!"

"सहा."

"अंगठ्याने एक बोट दाबलंय, तीन वर आहेत. बघणाऱ्याला तीनच दिसणार ना!"

तीन नंबरला बर्फाच्या लाद्या विकणारा एक माणूस उभा होता. आधी तीनदा पडलेला. मी नानायकडे वळले. तिला मराठी कळत नव्हतं, पण प्रणालीची तीन बोटं दिसत होती. तिला मुळीच धक्का बसला नव्हता. तिने एक गरम तुरोन उचललं आणि प्रणालीच्या तोंडात कोंबलं.

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

"प्रणाली," मी म्हणाले, "आमच्याकडे सहा असेच मोजतात. या वयात मी काही बदलणार नाही."

फोनवर पुढचं घर आलं. मी हात वर केला, पहिल्यासारखाच.

निकाल आमच्या न्याहारीच्या वेळी लागला. जोएलने फोन टीव्हीला जोडला होता. दहावा आला बर्फवाला, अकरावी मारिसेल. नानायने असा गळा काढला की प्रणालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात एका मानलेल्या पोराचा फोन आला. जोएलने त्याचं बोलणं आम्हाला सांगितलं. "निनांग, आमच्या घरातून तुमच्या मुलीला मत दिलंच. शिवाय साडीवाल्या आजी सांगत होत्या म्हणून तीन नंबरलाही दिलं."

जोएल माझ्याकडे बघत राहिला. मी भाताकडे बघत राहिले.

मग फोनवर मारिसेल रडत बोलली. नानायने तिला काहीतरी हळूच सांगितलं आणि पलीकडचं रडणं थांबलं. काय सांगितलंस, म्हणून मी नंतर विचारलं. फोन म्हणाला, "मी म्हटले, उद्या उशिरापर्यंत झोप. कोणी घंटा वाजवणार नाही."

जूनच्या तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. नानायने डोळे पुसले आणि दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

संतोष मला आणखी राहा म्हणत होता. मी नाही म्हटलं. ज्या गावात भांडायला माणूस शोधावा लागतो तिथं माझं पोट भरत नाही. निघाले त्या दिवशी उन्हं वर आली तरी नानायचा पत्ता नव्हता. गाडी सुरू झाल्यावर ती झोपेच्या कपड्यांतच, केस विस्कटलेली, दारात आली. तिने हात वर केला. अंगठा करंगळीच्या शेजारच्या बोटाच्या टोकावर.

गावी आले तर इथं ग्रामपंचायतीचं वारं. परवा गल्लीतला एक उमेदवार पाया पडून म्हणाला, "काकी, तुम्ही परदेशात प्रचार करून आलात म्हणे. आमच्याबरोबर चला."

"येते की," मी म्हणाले. "पण आधी तुझ्या आईशी एकटीने बोलू दे."