हिरव्या फुलांचा कोपरा

आकाइती रंग पुकारायला बसली की आरेओरा गावातल्या कोंबड्यासुद्धा गप्प होतात, असं तिच्याबरोबर शिवायला बसणारी कुरा म्हणायची. कुराच्या बोलण्यातलं निम्मं नेहमी सोडून द्यावं लागतं, पण उरलेलं निम्मं खरं होतं. महिला मंडळाच्या सभागृहात चटईवर चौघी बसायच्या. प्रत्येकीपुढे घरून आणलेले बिस्किटांचे चार जुने डबे, डब्यांत लाल, पांढरे, हिरवे, जांभळे कापडाचे चौकोनी तुकडे. आकाइती चौकटीच्या वहीतल्या चित्रावर बोट ठेवून ओळ वाचायची, "एक लाल, तीन पांढरे, दोन हिरवे, पुन्हा एक लाल..." आणि सगळ्याजणी तुकडे त्याच क्रमाने दोऱ्यात ओवायच्या. एक ओळ, एक दोरा. मग घरी जाऊन दोऱ्याला दोरा जोडत आपापला कोपरा शिवायचा. चार बायकांचे चार कोपरे जोडले की तिवैवै पुरी.

तिला नुसती गोधडी म्हटलेलं आकाइतीला खपायचं नाही. गोधडी थंडीला लागते, आणि आतिऊ बेटावर थंडी कुठली? तिवैवै लग्नात द्यायची, मानाच्या पाहुण्यावर पांघरायची, आणि शेवटी आपल्या माणसाबरोबर मातीत जाऊ द्यायची. गावात आकाइतीला ताउंगा म्हणत, म्हणजे या कामात जिचा शब्द शेवटचा अशी बाई. सहासष्ट वर्षांची होती, आणि तो शब्द ती मोकळ्या हाताने वापरायची.

मागच्या वर्षी ऑकलंडच्या एका संग्रहालयातली बाई तिला भेटायला आली होती. तिने विचारलं, तुमच्यावर कुणाचे संस्कार झाले?

"बिस्किटाच्या डब्याच्या झाकणाचे," आकाइती म्हणाली. "लहानपणी त्याच्यावर गुलाब होते. मी तसेच काढले. तांगीमावशीनं विचारलं, हे फूल तू बघितलंयस का? म्हटलं नाही. मग म्हणाली, न बघितलेलं शिवतेस? उसव."

"आणि सौंदर्य म्हणजे काय?"

"जे बघितलं ते तसंच सांगणं. कापडानं खोटं बोलू नये. झालं. आता कॉफी घ्या, निवतेय."

ही तांगीमावशी म्हणजे तांगीमेतुआ, आकाइतीच्या आईची चुलतबहीण. आता ऐंशी वर्षांची. आकाइतीच्या हातात पहिली सुई तिनेच दिली होती, आणि सुईबरोबर एक नियमही. ज्याची शिवण त्यानेच उसवायची. दुसऱ्याच्या टाक्याला हात लावणं म्हणजे त्याच्या तोंडातला शब्द काढून घेणं. आकाइतीने आयुष्यात कित्येकींना उसवायला लावलं, एकदा तर स्वतःच्या सासूला. पण कुणाचा एक टाकासुद्धा तिने आपल्या हाताने काढला नव्हता.

या वेळची तिवैवै तिच्या नातीच्या, तारानीच्या लग्नासाठी होती. पांढऱ्या जमिनीवर जांभळ्या फुलांचे वेल, हिरवी पानं, लाल काठ. कोपरे शिवत होत्या आकाइती स्वतः, कुरा, तेपाइरू आणि तांगीमावशी. लग्नाला तीन आठवडे उरले तेव्हा चौघी कोपरे घेऊन सभागृहात जमल्या.

तीन कोपरे चटईवर पसरले. मग मावशीने आपली घडी उलगडली. शिवण अशी की सुईने नाही, पाण्याने जोडलंय असं वाटावं. पण तिच्या कोपऱ्यात फुलं हिरवी होती आणि पानं जांभळी. एखादं फूल नव्हे, सगळीच्या सगळी.

तेपाइरूने पदार्थात मीठ विसरल्यासारखा चेहरा केला. कुराने तोंड उघडलं आणि आकाइतीकडे बघून मिटलं. कुराच्या बाबतीत हे मोठंच होतं.

"काय गं, सगळ्या झोपल्या का?" मावशी हसत म्हणाली. तिचे डोळे चटईच्या जरा बाजूला, दाराकडे लागले होते. "कसा दिसतोय?"

तेव्हा आकाइतीला कळलं. मावशीला दिसत नव्हतं. मावशी डब्यांच्या जागा पाठ करून, कानाने ऐकून ओवत होती, आणि टाके बोटांनी घालत होती. किती दिवस, देव जाणे. आणि आपण समोर बसून रंग पुकारत होतो! आकाइतीला स्वतःची लाज वाटली.

चूक सांगायची तर कारण निघणार, आणि कारण निघालं की मावशीची चटई सुटणार. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मुलगा ऑकलंडला, घरात एक सून आणि भिंती. मंगळवार-गुरुवारची ही चटईच तिचं जगणं होती. न सांगावं तर लग्नात बेटावरच्या पाचही गावांच्या बायका कोपरान् कोपरा न्याहाळणार, आणि मावशीचंच नाव चघळणार.

"छान दिसतोय," आकाइती म्हणाली. "पण आज जोडायचं नाही. माझ्याच कोपऱ्यात घोटाळा झालाय."

"तुझ्या?" मावशीने भुवया वर केल्या. "आता मरायला हरकत नाही. हे ऐकायचं राहिलं होतं."

मावशीला घरी सोडायला ती बरोबर निघाली. वाटभर तांबडी माती, आणि मावशीचा हात तिच्या दंडावर. इतके दिवस तिला वाटायचं, म्हातारी मायेने हात धरते. ओट्यावर सून मोएरोआ नारळाच्या दुधात शिजवायला अळूची पानं चिरत होती. मावशी आत गेल्यावर आकाइतीने हळूच विचारलं, "मावशीचे डबे कुणी हलवले होते का गं?"

"मीच. ही तिवैवै सुरू व्हायच्या आधी धूळ पुसायला काढले होते, लगेच ठेवले परत." मोएरोआने सुरी खाली ठेवली. "का? काही मोडलं का?"

"नाही. पण यापुढे धूळ राहू दे."

फाटकाशी आकाइती थांबली. चूक कुणाची ते कळलं, पुढचं काही सुचत नव्हतं. मावशीचा कोपरा आपण उसवायचा नाही, तो नियम मावशीचाच. तिला उसवायला सांगायचं नाही, ते आपल्या जिभेला जमणार नाही. आणि हिरवं फूल? हिरवं फूल आपण कधी बघितलेलं नाही. न बघितलेलं नातीला द्यायचं?

तेवढ्यात वास आला. दाट, गोड, ओळखीचा. तिने मान वर केली. फाटकावरच मताओईचं झाड होतं, हिरव्या चाफ्याच्याच कुळातलं, आणि त्याच्या पानांत लांब पाकळ्यांची फुलं लोंबत होती. हिरवी. पानांशी इतकी मिळतीजुळती की वास आला नसता तर दिसलीच नसती. या फाटकातून ती साठ वर्षं येत होती. ही फुलं घालून केलेलं तेल डोक्याला लावत होती. कुंपणाला रौतीची झुडपं, त्यांची पानं जांभळी. ती तर तिने स्वतः आणून लावली होती.

"अगं बाई," ती झाडाला म्हणाली, "डोळे तर माझे गेलेत."

घरी जाऊन तिने आपला कोपरा काढला आणि दारात, उजेडात बसून उसवायला घेतलं. नियमात बसत होतं, शिवण तिचीच होती. सतरा दिवस ती सकाळी न्याहारी करून बसायची आणि दिवस कलला की उठायची. जिथे जांभळा तिथे हिरवा, जिथे हिरवा तिथे जांभळा. तारानी दोनदा येऊन विचारून गेली, आजी, जेवलीस का? बोटं सुजली. एकदा तिने रागाने दोरा फेकून दिला, मग गुडघे टेकून खाटेखाली शोधत बसली. वहीतलं चित्रही तिने नव्याने रंगवलं.

लग्नाच्या दोन दिवस आधी चौघी पुन्हा बसल्या. आकाइतीने मावशीचा कोपरा पसरला आणि आपला त्याच्या समोर, तिरका. मधल्या दोन जागा कुराच्या आणि तेपाइरूच्या. जांभळी फुलं, हिरवी फुलं, जांभळी, हिरवी. वेल एकातून निघून दुसऱ्यात शिरत होता, जणू एकाच कुंपणाला दोन झाडं बिलगली होती.

कुराने वाकून फुलांवरून बोट फिरवलं. "हे असंच होतं का पहिल्यापासून?"

"वहीत बघ."

कुराने वही बघितली. मग आकाइतीची सुजलेली बोटं बघितली. "हो," ती म्हणाली, "असंच होतं. मीच विसरले."

जोडायला सुरुवात झाली. मावशीचा हात आपल्या कोपऱ्यावरून सरकत शेजारच्यावर गेला, तिथून पलीकडे, आकाइतीच्या कोपऱ्यावर. तिथे तो थांबला. बोट एका शिवणीवरून गेलं, परत आलं, पुन्हा गेलं.

"इथं भोकं दोनदा पडलीत," मावशी म्हणाली. "इथंही. हा सगळाच कोपरा उसवलेला आहे."

"म्हटलं ना, माझा घोटाळा झाला होता."

"आके." मावशीचा आवाज खाली आला. "चौदाव्या वर्षानंतर तुझी ओळ चुकलेली मी पाहिलेली नाही. कुठला डबा होता?"

तेपाइरू सुईत उगाच दोरा ओवत राहिली. आकाइतीला दुसरं खोटं सुचेना. या बाईपुढे तिचं खोटं कधीच टिकलं नव्हतं.

"हिरवा आणि जांभळा," ती म्हणाली. "मोएरोआनं पुसायला काढले होते. अदलाबदल झाली."

मावशीने हात उचलला नाही. त्या दोनदा टोचलेल्या शिवणीवर तो तसाच राहिला, आणि तिच्या गालावरून पाणी ओघळलं ते तिने पुसलंही नाही.

"उतारवयात बरंच उसवायला लावलं तुला," ती शेवटी म्हणाली. मग तिने नाक ओढलं आणि पाठ ताठ केली. "पुढच्या तिवैवैला हिरव्याच्या डब्यात मताओईचं फूल टाकून ठेव."

"बरं, मावशी."

"पांढऱ्यात तिआरेचं पांढरं फूल. जांभळ्यात भाजलेली कॉफी, चार बिया पुरेत. जास्त घातल्या तर ही कुरा चघळून टाकेल."

"आणि लालमध्ये?" आकाइतीने विचारलं. तिला पुढची ओळ दिसत नव्हती, डोळे भरून आले होते.

"लालमध्ये काही नको," तांगीमावशी म्हणाली आणि चाचपडत सुई हातात घेतली. "जास्वंदीला कुठं वास असतो?"