टोपण लावलेलं पेन

माझा डावा पाय सरहद्दीवर सुरुंगानं नेला. त्या जागी आता रबराचा आहे, आणि तो झिजला की मी कृत्रिम पायांच्या कारखान्यात सुलभाताईंकडे जातो. परवा त्या माझ्या नव्या पायाची टाच घासत होत्या. समोर टीव्हीवर कुठल्याशा देशाचे राष्ट्राध्यक्ष सुरुंगबंदीच्या करारापुढे बसले होते. त्यांनी पेन उघडलं, कागद वाचल्यासारखं केलं, पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवून दिलं. "देशहितासाठी," ते हसून म्हणाले आणि उठले. खुर्चीला हातसुद्धा न लावता उठले.

दोन्ही पाय असलेल्या माणसाला आपण उठतोय हेही कळत नाही. या माणसाला एकदा, भर सभेत, खुर्ची धरून धडपडताना बघावं असं मला वाटलं. वाटल्याची लाज वाटली नाही.

"यांच्या देशात दर हिवाळ्यात आपलं पाय बसवायचं शिबिर असतं," सुलभाताई म्हणाल्या. "मोठ्या माणसाला एक पाय बरीच वर्षं पुरतो हो. पोरांना दरवर्षी नवा लागतो. पोर वाढतं, पाय वाढत नाही."

त्यांनी टीव्ही बंद केला आणि माळ्यावरचे लहान मापांचे साचे खाली काढायला घेतले.