शहाडच्या पंख्याला फोन

आमच्या सेक्शनमध्ये किस्से साठायचे ते बंद खोलीत बुरशी साठते तसे. कोणी मुद्दाम काही करायला नको, चार दिवस लक्ष दिलं नाही की सगळीकडे तेच! ठाण्याच्या एका कारखान्यात आम्ही इन्स्ट्रुमेंटवाले, म्हणजे तापमान आणि दमटपणा मोजणारी यंत्रं दुरुस्त करणारे. दिवसभर भट्ट्यांचं तापमान सांभाळायचं आणि स्वतःचा चहा मात्र कायम गार प्यायचा. यातले निम्मे किस्से आमच्या करमरकरचे आणि करमरकरचे झाडून सगळे त्याच्या शहाडच्या रिकाम्या फ्लॅटचे.

*

करमरकर आधी शहाडला राहायचा, उल्हास नदीकडे तोंड असलेल्या बिल्डिंगमध्ये. मग त्याने माजिवड्याला घर घेतलं, पण शहाडचा फ्लॅट काही विकला नाही. रिटायर झाल्यावर तिथल्या खिडकीत बसून नदी बघायची, एवढं एकच स्वप्न होतं बिचाऱ्याचं. "भाड्याने का देत नाहीस?" विचारलं की म्हणायचा, "भाडेकरू एकदा आत आला की आपण कायमचे बाहेर!"

पण नदी आली की ओलही आली. गेल्या पावसाळ्यात वहिनींनी तिथे ठेवलेल्या पापडांना हिरवीगार लव आलेली. आता मुलीचं लग्न ठरलेलं, रुखवताचे पापड तयार आणि माजिवड्याच्या घरात डबे ठेवायला जागा नाही, म्हणून ते शहाडच्या कपाटात. वहिनींनी निकाल दिला, "गणपतीआधी मी डबे उघडणार. एक पापड जरी सादळलेला निघाला, तर फ्लॅट विकायचा!"

त्याच आठवड्यात शहाडचा फोन आला. म्हणजे फोनवरून कोणी बोललं नाही, खुद्द फोनच आला! तिथे राहत असताना कैक वर्षांपूर्वी नंबर लावलेला, तो आता रिकाम्या घरात बसवून गेले. आम्ही हसून हसून बेजार. करमरकरचे डोळे मात्र चमकले.

"अरे, फोनची घंटी वाजली की तिच्यावर एक खटका पाडता येईल. खटका पडला की पंखा सुरू, कपाटातले बल्ब सुरू. दोन तासांनी सगळं आपोआप बंद. आणि फोन कोणी उचलणारच नाही, म्हणजे कॉलसुद्धा फुकट!"

शेट्टी, आमच्या सेक्शनचा आगलाव्या, म्हणाला, "करमरकर, तू घर वाळवत नाहीयेस, टेलिफोन खात्याला सुकवतोयस!"

*

घर किती दमट आहे ते कळायला हवं, म्हणून करमरकरने ठरवलं केसाचं यंत्र बनवायचं. माणसाचा केस ओलाव्याने लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो, त्यावर काटा हलतो. आता लांब केस आणायचा कुठून? घरात गुडघ्यापर्यंत शेपटा होता तो वहिनींचाच.

"एक केस दे ना," हा म्हणाला.

वहिनी म्हणाल्या, "इतक्या वर्षांत गजरा नाही आणलात, आणि आता केस न्यायला आलात?"

गजरा आणला, तेव्हा केस मिळाला. पण त्याला इतकं खोबरेल तेल मुरलेलं की काटा ढिम्म हलेना. शेवटी करमरकरने तो सेक्शनमध्ये सोड्याच्या पाण्यात उकळायला ठेवला. नेमके साहेब आले. "काय शिजतंय?" त्यांनी विचारलं.

करमरकर सरळमार्गी माणूस. "बायकोचा केस, सर."

साहेब आल्या पावली परत गेले आणि आठवडाभर आमच्या चहाला हात लावेनात!

*

मग करमरकरने टेबलावर नकाशा पसरला. घर दमट झालं की केस लांबणार, काटा सरकणार आणि फोन आपोआप एंगेज होणार. म्हणजे ठाण्यातून नंबर फिरवायचा. घंटी वाजली तर घर कोरडं, एंगेज लागला तर घर ओलं. काय डोकं! आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेबांनीसुद्धा पाठ थोपटली.

शेट्टी कान खाजवत म्हणाला, "घर ओलं झालं की फोन एंगेज. बरोबर?"

"बरोबर!"

"मग पंखा लावायला घंटी कशी वाजवणार?"

करमरकरने नकाशा गुंडाळला. पाच इंजिनीअर मिळून आम्ही असं यंत्र बनवलेलं, जे घर कोरडं असेल तेव्हाच वाळवणार होतं!

*

केस परत गेला. वहिनींनी गजरा मात्र परत दिला नाही. राहिला नुसता घंटी आणि पंख्याचा संबंध. शहाडला समोरच्या दारातल्या मंदाताईंकडे किल्ली होती. मूळच्या तिथल्याच, मोहन्याला माहेर, आवाज असा की नदीपलीकडचा माणूस वळून बघेल. त्या अधूनमधून झाडलोट करायच्या.

वैशाखात करमरकर ट्रायल घ्यायला गेला तर पंखा गरागरा फिरतोय, बल्ब तापलेत आणि कपाटाची दारं आखडून कडी लागेना. याने तर फोन केलाच नव्हता! एवढ्यात घंटी वाजली. याने उचलला.

"हॅलो, जरा तिसऱ्या मजल्यावरच्या नानांना बोलवा."

ठेवला, तर पुन्हा घंटी. आता मंदाताईंची मावशी! मग उलगडा झाला. पूर्ण बिल्डिंगने तो नंबर पीपी म्हणून वाटलेला, म्हणजे शेजाऱ्याचा फोन हाच आपला फोन. लग्नसराईत अख्ख्या कल्याणचे पाहुणे करमरकरच्या पंख्याला फोन करत होते!

"कुलूप असतं ना ताई, उचलणार कोण?" करमरकर कळवळून म्हणाला.

"नाय उचलला म्हून काय झाला?" मंदाताई म्हणाल्या. "नंबर हाय, येवरा तरी पावन्यांना सांगायला नको?"

*

मंदाताईंनी सगळ्यांना दम भरला आणि फोन थंडावले. मग सुरू झाला रोजचा सोहळा. सकाळी अकराला करमरकर कारखान्याच्या ऑपरेटर बाईंकडून शहाडचा नंबर मागायचा, डोळे मिटून घंटी ऐकायचा आणि हसऱ्या चेहऱ्याने रिसीव्हर ठेवायचा. अख्खा पावसाळा! बाहेर मुसळधार असली की दुपारीही एकदा.

बाईंना राहवेना. श्रावणात एके दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "करमरकर साहेब, मोठी बहीण समजून ऐका. ती उचलत नाही ना, तर द्या सोडून!"

*

गणपतीआधी वहिनी शहाडला निघाल्या. सोबत करमरकर, शेट्टी आणि मी. करमरकरचा चेहरा दहावीच्या निकालाला निघालेल्या पोरासारखा. सगळ्या चेष्टेत मला पहिल्यांदाच त्याची दया आली. त्याची नदी आज जाणार की राहणार, हे एका डब्यात होतं.

मंदाताईंनी दार उघडलं. घर खडखडीत कोरडं, पंखा फिरतोय. वहिनींनी डबा उघडून पापड घेतला. कटकन मोडला! दुसरा, तिसरा, सगळे कडक.

"बघितलंस? रोज अकराला!" म्हणत करमरकरने ऐटीत रिसीव्हर उचलला आणि तसाच उभा राहिला. फोनमध्ये ना आवाज, ना खरखर.

"जल्ला त्यो फोन!" मंदाताई म्हणाल्या. "जेठात रस्ता खनला तवाच तार तुटली."

"मग मी घंटी ऐकायचो ती?"

"एक्स्चेंजमधली," शेट्टी म्हणाला. "तार तुटली तरी वाजते ती."

"मग पंखा कोण...?"

मंदाताईंनी कपाटाचा खालचा कप्पा उघडला. बल्बच्या उबेला जवला, सुके बोंबील, सोडे, सगळी सुकी मासळी ओळीने नीट मांडलेली. "माज्या घरान सादळत व्हता. म्हटला, मीच रोज पंखा लावला का वैनीचं पापड बी सुकतील नि माजा जवला बी."

चातुर्मासात कांदासुद्धा न शिवणाऱ्या वहिनी! त्यांनी पापड नाकाशी नेला. त्यांनी एकदा कप्प्याकडे बघितलं, एकदा खिडकीतल्या नदीकडे, मग करमरकरकडे. डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाल्या, "फ्लॅट राहू दे."

लग्न मार्गशीर्षात झालं. मंदाताई नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत. पंगतीत व्याह्यांनी, पुण्याच्या कडक सोवळ्यातल्या माणसाने, एक पापड खाल्ला. दुसरा मागितला. तिसऱ्याला वहिनींनाच बोलावून घेतलं.

"विहीणबाई, पापड पुष्कळ खाल्ले, पण हा स्वाद कुठे नाही मिळाला. घालता तरी काय?"

मंदाताई मान वर करून हॉलच्या पंख्याकडे बघू लागल्या. वहिनींनी पदर सावरला.

"काही नाही हो. शहाडची हवा!"