दारवाल्या मावशी

आमच्या प्रसूतिगृहातल्या दारवाल्या मावशी तपासणीच्या खोलीत आलेल्या प्रत्येक बाईला पेलाभर पाणी द्यायच्या आणि ते संपेपर्यंत दार उघडायच्या नाहीत. बाईला तहान असो वा नसो. नागपुरात, इतवारीमागच्या विणकरांच्या वस्तीत, पंचाहत्तर सालच्या आसपास मी तिथे नवी नर्स म्हणून लागले. बाहेर गरोदर बाया ताटकळलेल्या आणि या पाणी पाजत बसलेल्या. मला तो शुद्ध वेळकाढूपणा वाटायचा.

रक्त द्यायला बाया तयार नसत. ही तपासणी गरमीची, म्हणजे गुप्तरोगाची, हे वस्तीत कर्णोपकर्णी झालेलं. रोग नवऱ्याकडून आलेला असला तरी नाव बाईचंच जायचं. मावशी ओट्यावर बसून म्हणायच्या, "दे वं रगत. डास पितेच ना फुकट!" बाया हसायच्या आणि हात पुढे करायच्या. निकाल गुरुवारी, एकेकीला आत बोलावून, दार लावून.

एका गुरुवारी घाईघाईत मी व्हरांड्यातच यादी वाचली. "तुमचं चांगलं आहे, जा. तुमचंही चांगलं, जा." अकरा बाया उठल्या. बाकावर एकटी शांता उरली. सातवा महिना, आधीची दोन मुलं पोटातच गेलेली. शेजारी सासू.

"आमचीच काहून मांगं ठेवली, बाई?" सासूने विचारलं. तिने सुनेचं मनगट धरलं. "चाल घरी. बाळंतपण घरीच करू."

इंजेक्शनं मिळाली नाहीत तर हेही मूल जायची भीती होती, आणि शांता पायऱ्या उतरत होती.

मावशींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग फाटकाकडे धावत ओरडल्या, "अवं, थांबा साऱ्या! या नव्या सिस्टरनं कागद उलटेपालटे केले. एकीचं दुसरीले सांगून राहिली! चाला मांगं!" आणि सासूला म्हणाल्या, "तुमीबी बसा जी. पयल्यापासून सुरू होते."

अकराजणी कुरकुरत परतल्या. "डोळे हायेत का बटनं?" एकीने मला विचारलं. मी मान खाली घातली.

एकेक बाई आत, दार बंद, पाण्याचा पेला. शांता सहावी. तिला मी आजार समजावून सांगितला, पहिलं इंजेक्शन दिलं, आणि तोवर तिचं पाणी संपलं. तेव्हा मला पेला कळला. साऱ्या जणी आत सारखाच वेळ राहिल्या, की बाहेरच्या सासवांना काही ओळखू येत नाही.

शांता रडतच बाहेर आली. मावशी मोठ्याने म्हणाल्या, "सुईले भेते लेकाची! ताकद कमी हाय हिची, अजून दोन गुरुवार आणा लागन." शांताच्या नवऱ्याला त्यांनी दुसऱ्या दिवशी हातमागावरून उठवून सुईसाठी आणलं. त्याला काय सांगितलं, ते मी कधीच विचारलं नाही.

मुलगी झाली. चांगली खणखणीत रडली.

सव्वा महिन्याने सासू नात घेऊन आली, सोबत संत्राबर्फी. "खापा गावच्या बाबाचा अंगारा लागू पडला," ती म्हणाली. "तुमच्या सुयांनं का होते?"

मी तोंड उघडलं. मावशींनी माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

"खरं हाय जी," त्या बर्फी तोंडात टाकत म्हणाल्या. "पुढच्या खेपीलेबी अंगारा लावूनच आणजा. पन इकडंच आणजा."