बिनतहानेचं पाणी

आमच्या शाळेत पाणी भरणाऱ्या अनुसयाबाईंना एक विद्या येत होती. ती कुठल्याही ट्रेनिंग कॉलेजात शिकवत नसत, आणि शिकवली असती तर आम्ही मास्तर मंडळी तिच्यात हमखास नापास झालो असतो. पोर पाण्याला आलं की ते तहानेनं आलंय की बिनतहानेचं, हे बाई ओळखत.

शाळा अर्जुनी मोरगावपासून दीड कोसावर, तलावाच्या पाळीला लागून. वर्ग चार आणि मास्तर दोन, हेडमास्तर केशोराव आणि मी. अनुसयाबाईंचा नवरा रेल्वेच्या छोट्या लाइनीवर गँगमन होता. तो गेल्यावर त्या भावाकडे मुर्रीला परतल्या नाहीत, अठ्ठेचाळीस साली शाळेत पाणी भरू लागल्या. गावच्या विहिरीवरून डोक्यावर दोन पितळी गुंड, म्हणजे घागरी, घेऊन येत आणि व्हरांड्यातल्या रांजणात फडक्यानं गाळून ओतत. गुंडातलं पाणी हिंदकळत नसे. आमची शाळा मात्र रोज हिंदकळत असे.

त्यांचा हिशेब असा, की पहिला गिलास तहानेचा, दुसरा उन्हाचा. तिसऱ्यांदा पोर आलं की बाई ओल्या फडक्याचं एक टोक त्याच्या हाती देत आणि म्हणत, "हे धर." मग दोघं मिळून फडकं पिळत. बाई काहीच विचारत नसत. फडक्यातलं पाणी संपायच्या आत पोराच्या पोटातलं ओठांवर येई. कुणाचा बाप दारू पिऊन मारी, कुणाची बहीण लग्न होऊन आमगावला गेलेली. टिकाराम नावाचा एक पोरगा पाढ्यांना घाबरून दिवसातून सहा वेळा पाणी पीत असे. मी त्याला जवळ घेऊन पाढे सोपे करून सांगायला लागलो, तर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पाढ्याले नाही भेत तो, गुरुजी. तुमच्या खोकल्याले भेते." पाढा विचारण्याआधी खोकायची मला सवय होती. त्या दिवसापासून मी वर्गाबाहेर जाऊन खोकतो. टिकाराम पुढे पंचविसापर्यंत पोचला.

पंचावन्न साली मंगली आली. जंगलपट्टीतली गोंडाची पोर, सात वर्षांची. आई वारलेली, म्हणून बापानं मामाच्या गावी आणून ठेवली होती. वर्षभर तिनं तोंड उघडलं नाही. केशोरावांनी तिला पहिल्या आठवड्यात मुकी ठरवली. तरी हजेरी घेताना ते तिचं नाव पुकारत, थोडं थांबत आणि स्वतःच बारीक आवाज काढून "हजर" म्हणत. एवढा मोठा माणूस, डोक्याला फेटा, काखेत बारा महिने छत्री, आणि सात वर्षांच्या पोरीचा आवाज काढतो आहे. आम्ही हसायचो, पण पोरगी त्यांच्याकडे बघायची.

मंगली दिवसातून दहा वेळा पाण्याला जाई. अनुसयाबाई दहाही वेळा फडकं पिळत. वर्षभर काहीच निघालं नाही. मग एका शनिवारी रांजण घासून पालथा केला होता तो बाईंनी सरळ केला, तोच मंगलीनं रिकाम्या रांजणात डोकं घातलं आणि म्हणाली, "येर." रांजण आतून घुमला, "येर." गोंडीत येर म्हणजे पाणी. लाइनीवरच्या गोंड बायांबरोबर दिवस काढलेल्या बाईंना ते ठाऊक होतं. त्यांनीही रांजणात वाकून म्हटलं, "येर." केशोराव हातात खडू घेऊन व्हरांड्यात धावत आले आणि तिथेच उभे राहिले. छत्री वर्गात विसरून ते बाहेर आलेले मी तेवढ्या एकाच वेळी पाहिले.

तेव्हापासून मंगली रांजणाशी आणि बाईंशी बोलू लागली. आमच्याशी नाही.

छप्पनच्या त्याच उन्हाळ्यात इन्स्पेक्टर साहेब आले. त्यांनी हे पाहिलं आणि म्हणाले की मोठ्या शहरांत मुलांचं मन बघायला वेगळी माणसं असतात, सरकारनं शाळांना अशी माणसं द्यावीत. तुम्ही अर्ज करा, मी शिफारस लिहितो. केशोरावांना अर्ज लिहिण्याइतकं सुख जेवणातही नव्हतं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, 'मुलांचे मन पाहण्याकरिता एका बाईची जागा मंजूर व्हावी.'

अनुसयाबाईंनी तो कागद हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. त्यांना वाचता येत नव्हतं. पण आठवड्याच्या बाजारातून त्यांनी हिरव्या काठाचं एक लुगडं आणलं आणि न नेसता पेटीत ठेवलं. "कागद येईन तवा नेसीन," म्हणाल्या. पाणीवालीची बाई व्हायची त्यांना आस होती. खुर्ची नको होती. पोरं "पाणी?" म्हणून येतात, ती "बाई?" म्हणून यावीत, एवढंच.

अर्ज गेला आणि राज्यच बदललं. आम्ही नागपूरचे होतो ते एका रात्रीत मुंबईचे झालो. अर्ज परत आला, नव्या राज्याकडे नव्यानं करा म्हणून. आम्ही नव्यानं केला आणि दर सहा महिन्यांनी आठवण धाडत राहिलो. दोन वर्षांनी, अठ्ठावन्नच्या दिवाळीनंतर, एका बैलगाडीतून सरकारी उत्तर आलं. उत्तराबरोबर धान तोलायचा एक भला मोठा लोखंडी काटा होता. पत्रात लिहिलं होतं, 'मन हे परिमाण बंद होत असल्याने यापुढील मागणी किलोग्रॅममध्ये करावी. मुलांचे मन पाहण्याकरिता काटा पाठविला आहे. तो चालविण्यास वेगळ्या बाईची आवश्यकता दिसत नाही.'

दोष कुणाचा म्हणावा? आमच्या झाडीपट्टीत बाणातल्या 'ण'ला कुणी ओळखत नाही. पाण्याला पानी म्हणतात आणि चाळीस शेरांनाही मन म्हणतात. वरच्या ऑफिसातला कारकून नेमका आमच्याच बाजूचा निघाला असावा. पुण्याचा असता तर त्यानं नुसती नामंजुरी पाठवली असती, काटा वाचला असता.

काटा व्हरांड्यात आढ्याला टांगला. अनुसयाबाई त्याच्या पारड्याकडे बघत म्हणाल्या, "येवढं मोठं मन कोनाचं हाय जी?" केशोराव हसले नाहीत. त्याच दिवशी ते तिसऱ्या अर्जाला बसले. 'मन म्हणजे वजन नव्हे, अंतःकरण,' असं त्यांनी दोनदा अधोरेखित केलं.

उत्तराच्या आधी विहीर आली. विकास योजनेतून शाळेच्या आवारातच खोदली, पाणीही गोड लागलं. डोक्यावर गुंड वाहून मान मोडलेल्या बाईंनी अकरा वर्षं हीच विहीर मागितली होती. पहिला पोहरा त्यांनीच काढला, विहिरीला हळदकुंकू वाहिलं. महिन्याभरात हुकूम आला, की आवारात विहीर असलेल्या शाळेला पाणीवालीची जागा लागत नाही. एकोणसाठच्या डिसेंबरात बाई पेटी घेऊन छोट्या गाडीत बसल्या आणि भावाकडे मुर्रीला गेल्या. जाताना केशोरावांना एवढंच म्हणाल्या, "कागद आला का कळवजा जी."

तोंडी परीक्षेत बोलत नसल्यानं मंगली अजून तिसरीतच होती. ती पुन्हा गप्प झाली. केशोराव पुन्हा तिच्या वतीनं "हजर" म्हणू लागले, पण आता आवाज बारीक न काढता, आपल्याच आवाजात, हळू. आम्ही हसलो नाही.

साठच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीत, तिसऱ्या अर्जाचं उत्तर आलं. 'अंतःकरणाची तक्रार असलेल्या मुलांना सिव्हिल सर्जनकडे पाठवावे. या विषयावर यापुढे पत्रव्यवहार करू नये.' केशोरावांनी ते वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे दिलं. "तुम्ही जा," म्हणाले, "माझ्याच्यानं नाही सांगवणार."

मी मुर्रीला पोचलो तेव्हा अनुसयाबाई धानाच्या बांधीतून चिखलाच्या पायांनी येत होत्या. मला पाहताच त्या पाय धुवून घरात गेल्या. आत पेटीची कडी वाजली. बाहेर आल्या तेव्हा खांद्यावर हिरव्या काठाचं लुगडं होतं, घडी न मोडलेलं, आणि हातात पाण्याचा गिलास. मी पाणी प्यालो. त्यांनी शाळेचं विचारलं, केशोरावांच्या छत्रीचं विचारलं. मी दुसरा गिलास मागितला. मग पावसाचं बोललो आणि तिसरा मागितला.

बाईंनी तिसरा गिलास भरला नाही. खांद्यावरचं लुगडं काढून खाटेवर ठेवलं. माठावरचं ओलं फडकं घेतलं आणि त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"तहान नाही तुमाले, गुरुजी," त्या म्हणाल्या. "हे धरा."

मी चाळिशीचा माणूस, दोन लेकरांचा बाप. पिळता पिळता सगळं सांगितलं. कागदाचं सांगितलं, मंगलीचंही सांगितलं.

कागदाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. फडक्याला आणखी एक पीळ देऊन म्हणाल्या, "रांजनापाशी येते का ते पोरगी?"

"येते."

"पानी पिते?"

"नाही. झाकण काढून आत बघते, आणि परत ठेवते."

फडक्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं. तरी बाईंनी आपलं टोक सोडलं नाही, म्हणून मीही धरून राहिलो.