वरकुट्याच्या स्लॅबची कडी

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं म्हणतात. ‘आणि त्यावर दावा पाहावा लावून’ हे कुणीतरी पुढे जोडायला हवं होतं. नव्वदच्या दशकात मी बारामतीत वकिली करत होते आणि माझ्याकडे बहुतेक भांडणं बांधकामाचीच यायची. ओल आलेल्या भिंती, खचलेली जोती, अर्धं काम टाकून गेलेले ठेकेदार. इंदापूरच्या कोर्टात माझ्या माघारी मला ‘शिमिटवाली वकीलीण’ म्हणत, तोंडावर ‘वकीलबाई’. लोकांना वाटे, माझा राग ठेकेदारांवर असेल. छे! ठेकेदार परवडले. माझा जीव खाल्ला तो माझ्याच अशिलांनी.

वरकुट्याचे एक निवृत्त शिक्षक माझे अशील होते. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणे, मीही म्हणू लागले. नोकरी संपल्यावर त्यांनी तीन खोल्यांचं घर बांधलं. ठेकेदार गावातलाच, मूळचा गवंडी, आणि त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने डाळजला दुसरं काम धरलं होतं, म्हणून ओल्या स्लॅबला खालून आधार देणाऱ्या सेंट्रिंगच्या प्लेटा सहाव्या दिवशीच काढून नेल्या. तीन आठवडे ठेवायच्या त्या! स्लॅब मधोमध बसला आणि भेगा पडल्या. मधल्या खोलीत पाळण्यासाठी छताला लोखंडी कडी बसवून घेतली होती, नेमकी तिच्याभोवती सगळ्यात रुंद भेग.

गुरुजींच्या एकुलत्या एका लेकीला तेव्हा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. गुरुजींच्या पत्नीला मी काकू म्हणे. त्यांचं मागणं एकच होतं. “बाई, त्या कडीला पाळणा टांगता आला पायजे. मला दुसरं काय बी नको.”

मी दावा लावला. ठेकेदाराच्या वकिलांनी लेखी उत्तर दिलं की स्लॅबला एकही भेग नव्हती आणि नाही. मग मी कोर्टाकडून कमिशनर नेमून घेतला. ते एक निवृत्त इंजिनिअर होते. त्यांनी दोन्ही पक्षांसमोर घर पाहायचं, भेगा मोजायच्या आणि कोर्टाला अहवाल द्यायचा. आमचा सगळा दावा त्या एका पाहणीवर उभा होता. मी गुरुजींना समोर बसवून तीनदा बजावलं, “घर आहे तसं ठेवा. कशालाही हात लावू नका.” ते तिन्ही वेळा “व्हय, व्हय” म्हणाले. काकूंना बजावायचं माझ्या डोक्यात आलं नाही. ती चूक माझी.

पाहणीच्या सकाळी स्कूटरवरून वरकुट्याला पोचले तर दारात रांगोळी. घर आतून-बाहेरून चुन्याने पांढरंशुभ्र. मी धावत मधल्या खोलीत गेले आणि वर पाहिलं. छताला एकही भेग शिल्लक नव्हती. खाली पाटावर शाल आणि नारळ. आणि बाजूला भिंतीला टेकून, मान वाकडी करून छत न्याहाळत, चहा पीत बसला होता तो ठेकेदार.

“काकू, हे काय करून बसलात?”

“अवो, कोर्टाचं सायेब पयल्यांदाच घरी येणार. त्यास्नी भेगा दावायच्या व्हय? गुरुजींनी पडकं घर बांधलं म्हनतील!”

“आणि भरल्या कुणी त्या?”

काकूंनी ठेकेदाराकडे बोट केलं. “त्यालाच बोलावला. त्येनं पाडल्या, त्येनंच भराव्या.”

मी गुरुजींकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. “मी सांगितलं हिला,” एवढंच म्हणाले. आयुष्यभर वर्गात पोरांना उभं केलेला माणूस, पण घरात त्यांचं कोण ऐकतंय!

कमिशनर आले, पाठोपाठ समोरचे वकीलही. भेगा भरल्यात असं मी सांगितलं, पण कमिशनर म्हणाले, दिसेल तेवढंच लिहिणार. त्यांनी छतावर काठी ठोकली, टेप लावला, ‘भेग आढळली नाही’ असं लिहिलं, पोहे खाल्ले आणि शाल घेऊन गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी समोरच्या वकिलांची पर्वा न करता काकूंवर ओरडले. त्यांनी शांतपणे माझ्यापुढे बशी सरकवली. “खावा आदी. उपाशीपोटी राग लई येतो.” पोहे उत्तम झाले होते. मला त्याचाही राग आला.

पुढे नुसत्या तारखा. कधी जज रजेवर, कधी समोरचे वकील आजारी. मधल्या काळात लेक बाळंत झाली. भेगा दिसत नव्हत्या, पण कुठे होत्या ते काकूंना पाठ होतं. त्या कडीला पाळणा बांधायची कुणाची छाती झाली नाही. बारसं शेजाऱ्यांच्या घरात केलं. कोर्टाच्या आवारात काकू मला म्हणाल्या, “पयल्या नातीचं नाव दुसऱ्याच्या घरात ठिवलं, बाई.” त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही. फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाज वाटली.

नात चालायला लागली तेव्हा कुठे ठेकेदाराच्या उलटतपासणीची तारीख उजाडली. प्लेटा लवकर काढल्याचं त्याने साफ नाकारलं. भेगांचं विचारून उपयोग नव्हता, अहवालच माझ्या विरुद्ध होता. मी खाली बसणार, एवढ्यात मला त्या सकाळची त्याची वाकडी मान आठवली. स्वतःच्या कामाकडे कौतुकाने बघत होता तो.

मी म्हटलं, “छताचं काम मात्र झकास झालं होतं. कमिशनर साहेबांनाही काही कळलं नाही. चांगला कारागीर लावला होतात वाटतं?”

तो ताठ झाला. “कारागीर? अकरा भेगा व्हत्या, बाई! अकराच्या अकरा मी सोता भरल्या. कडीपाशी तर बोट जात व्हतं आत. दावा बरं, कुठं दिसतीय का!”

त्याच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. जजसाहेबांनी शब्दन् शब्द लिहून घेतला.

पुढच्या तारखेआधीच त्यांच्याकडून तडजोडीचा निरोप आला. ठेकेदाराने स्वखर्चाने जुना स्लॅब फोडून नवा टाकायचा. त्यात मी एक अट घातली, की मी स्वतः येऊन सांगेन तेव्हाच प्लेटा निघतील. मी बाविसाव्या दिवशी गेले.

दुसऱ्या नातवंडाच्या बारशाला बोलावणं आलं. भिंती रंगवलेल्या, पण छत उघडं, काँक्रीट तसंच दिसत होतं. काकू म्हणाल्या, “तुमाला बघायचं आसंल, म्हनून चुना न्हाय लावला.”

मी बघितलंच. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. तेवढ्यात बारशाला आलेला ठेकेदार स्टुलावर चढला. चांगला आडदांड गडी. त्याने कडीला दोन्ही हातांनी धरलं, पाय उचलले आणि सगळ्या बायकांसमोर लोंबकळत राहिला. मग खाली उतरून हात झटकत म्हणाला, “टांगा आता.”

पाळणा टांगला. काकूंनी बाळाला त्यात ठेवलं आणि दोरी माझ्या हातात दिली. मी ओढू लागले, पण नजर काही कडीवरून हलेना.

“वकीलबाई,” काकू म्हणाल्या, “वर नगा बघू आता. बाळाकडं बघा.”