नखाला लागलं पाहिजे

लिमयेकाका कुणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत तिथल्या स्क्रूंवरून अंगठ्याचं नख फिरवायचे. खुर्चीच्या, दाराच्या बिजागरीच्या, एकदा तर माझ्या कुकरच्या दांड्याच्या. "ढिला आहे," एवढंच म्हणायचे आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढायचे. कॅनडातल्या रेजिनात त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्यानं घेतला, तेव्हा मला वाटलं, म्हातारपणाचं खूळ असेल.

तसं नव्हतं. काका तरुणपणी विदर्भातल्या एका शस्त्रकारखान्यात फिटर होते. पुढे कॅनडात मशीन शॉपमध्ये तीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर बेसमेंटमध्ये एकच काम धरलं. नेमबाजी क्लबातले लोक रायफलीचा कॅरिअर, म्हणजे आत मागेपुढे सरकणारा पोलादी भाग, त्यांच्याकडे आणून द्यायचे. त्याच्यावर नळीसारखा एक तुकडा दोन स्क्रूंनी बसवलेला असतो, त्याला 'गॅस की' म्हणतात. गोळी सुटली की त्यातून गॅस येऊन कॅरिअरला मागे ढकलतो. स्क्रू जरा हलला की गॅस निसटतो आणि रायफल अडकते; ते हलू नयेत म्हणून काका ते पक्के करून द्यायचे. मला बंदुकीत काडीचाही रस नव्हता, पण दोन स्क्रूंसाठी एक माणूस अख्खी सकाळ का घालवतो, हे कळल्याशिवाय राहवेना.

"काका, नुसता ग्लू लावला तर नाही चालत?"

"तापतं गं ते. ग्लूचा काय भरवसा?"

मग एका टाकाऊ कॅरिअरवर हात बसवायला त्यांनी मला पंच, म्हणजे ठोकायची टोकदार पोलादी कांडी, आणि हातोडी दिली. मी मोठ्या हौशीनं थेट स्क्रूच्या डोक्यावर ठोका मारला. काका हसले.

"अगं, त्याला कशाला मारतेस? त्यानं काय केलंय? शेजारचं लोखंड सरकव. त्यानं स्क्रूला घट्ट धरलं पाहिजे. नखाला उंचवटा लागला पाहिजे."

एका मार्चमध्ये क्लबातला डेव्ह आला. ऐन स्पर्धेत त्याची रायफल अडकली होती. काकांनी बसवलेला स्क्रू ढिला झाला होता. बिचारा सभ्य माणूस. "समबडी मस्ट हॅव मेस्ड विथ इट," म्हणाला. काकांनी भिंग लावलं, नख फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"नो, डेव्ह. दॅट इज माय वर्क."

ठोका उथळ पडला होता. काकांचा उजवा हात गेल्या हिवाळ्यापासून थरथरायचा. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत, ते मी पाहत होते, पण विचारायचा धीर झाला नव्हता. डेव्ह गेल्यावर काकांनी फोन उचलला आणि हिवाळ्यापासून ज्यांची ज्यांची कामं केली होती, त्या सगळ्यांना कॅरिअर परत आणायला सांगितलं.

"काका, कशाला सगळ्यांना सांगताय? बाकीचे ठीक असतील."

"असतील. पण मला खात्री नाही ना."

मला त्यांचा अभिमान वाटला.

सात कॅरिअर आले. नवे स्क्रू घालून ठोके मी मारायचे, काका शेजारी बसून नखानं तपासायचे. "लागलं," किंवा "परत." हातोडी मात्र ते आपल्या मांडीवर ठेवत. दर ठोक्याला मला देत आणि लगेच मागून घेत. तिसऱ्या कॅरिअरला तर चारदा "परत" झालं. मी मनातून वैतागले होते.

सातव्याच्या वेळी नख जागेवर ठरेना. पोलादावर नुसतंच टकटकत राहिलं. काकांनी हात मागे घेतला, माझा अंगठा धरला आणि स्क्रूच्या कडेवर ठेवला.

"तू सांग."

एका बाजूला लागत होतं, दुसऱ्या बाजूला नख सरळ घसरून गेलं. "लागलं" म्हणून मोकळं व्हावं, असं फार वाटलं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

"परत," मी म्हणाले.

काकांनी मान डोलावली आणि हातोडी माझ्या हातात दिली. त्या उन्हाळ्यात ते मुलीकडे ओटावाला गेले आणि दोन वर्षांनी तिथेच वारले. हातोडी त्यांनी शेवटपर्यंत मागितली नाही.